गाडी खाली घेतली, पण मागचं काय? जुन्या पिकअपचे पाटे, शॉकअप आणि सगळ्यांनी विसरलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह

इन्स्टाग्राम उघडलं की दहा रील्समागे एक तरी दिसतेच. साठ-सत्तरच्या दशकातली जुनी अमेरिकन पिकअप, चकाचक रंग, आणि गाडी इतकी खाली घेतलेली की हौदा रस्त्याला टेकतोय की काय असं वाटावं. खाली कॉमेंट्स ठरलेल्या असतात: "आपल्या गाडीला असं करता येईल का?" "खर्च किती?" "पाटे काढले की झालं ना?"

आता मिरजेत या. मार्केटच्या वाटेवर द्राक्षाचे क्रेट, बेदाण्याचे बॉक्स नाहीतर भाजीची पोती भरून निघालेली पिकअप बघा. तिथे नेमकं उलट चाललेलं असतं. गाडी मागून बसू नये म्हणून मालकाने एक-दोन पाटे जास्तीचे घातलेले असतात.

एकाला गाडी खाली हवी, दुसऱ्याला वर. पण दोघेही एकाच भागाशी खेळतात, तो म्हणजे मागचं सस्पेन्शन. दोघांचीही चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. चला, आधी तो भाग नीट समजून घेऊ आणि मग अपग्रेडकडे वळू.

आपल्याकडची 'क्लासिक' पिकअप म्हणजे कोणती?

रीलमधली शेव्हरोले आपल्याला परकी वाटते, पण जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्येच गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि पुढे फार्गो हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचवलं. जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी आजही 'फार्गो' हा शब्द सापडतो. ही कंपनी वालचंद हिराचंद यांची. सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागला जे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ते त्यांच्याच नावाचं.

त्यानंतर महिंद्राच्या जीपवर बांधलेल्या पिकअप आल्या. १९८८ मध्ये पुण्यातून टाटा मोबाइल २०६ आली आणि तिच्या मागोमाग २०७. आज या भागात कुणी हौसेने जुनी पिकअप उभी करत असेल, तर ती बहुधा जीपवाली किंवा २०६-२०७ असते. डॉज-फार्गो हाताला लागली, तर तो नशिबाचा भाग.

या बहुतेक गाड्यांची मागची रचना सारखीच असते. दोन चाकांना जोडणारं एक अखंड हाउसिंग, त्याच्या मध्यभागी डिफरेन्शियल, आणि हे सगळं पाट्यांच्या दोन जुड्यांवर बसवलेलं. जुडीचं पुढचं टोक चेसिसला पिनने पक्कं असतं. मागचं टोक शॅकलला लटकतं, कारण भार आला की पाटा सरळ होऊन लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. शेव्हरोलेच्या १९६० ते १९७२ या काळातल्या अर्ध्या टनाच्या बहुतेक पिकअपना मागे पाटे नव्हते, कॉइल स्प्रिंग होत्या. रील्समध्ये सगळ्यात जास्त दिसणारी 'सी-१०' नेमकी हीच गाडी. म्हणजे तिच्यावर केलेलं काम बघून तसंच आपल्या पाट्यांच्या गाडीवर करायला गेलात, तर सुरुवातच चुकते.

पाटा नुसतं वजन उचलत नाही

पाट्यांची कल्पना घोडागाडीच्या काळातली. इंग्लंडमध्ये ओबादिया एलियट याने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडच्या टांग्यालाही पाटे असायचे, बैलगाडीला नसायचे. दोन्हींत बसलेल्या माणसाला फरक वेगळा सांगायची गरज पडत नसे.

पिकअपमध्ये पाटा एकाच वेळी बरीच कामं करतो. वजन पेलतो, हे झालं पहिलं. हाउसिंगला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकू देत नाही. गिअर टाकून गाडी उचलताना आणि ब्रेक मारताना हाउसिंग गोल फिरायला बघतं, ते थोपवून धरतो. आणि पाटे एकमेकांवर घासतात, त्यातून हेलकावाही थोडा मारला जातो. म्हणून पाट्याला हात लावला की या सगळ्या गोष्टी एकदम बदलतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

जुडीचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. पाच सारख्या पाट्यांत सहावा तसाच घातला, तर कडकपणा सुमारे २० टक्के वाढतो. जाडीचा हिशोब मात्र वेगळा आहे. तो घनाच्या प्रमाणात चालतो. ७ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचे पाटे टाकले, तर कडकपणा जवळपास ४९ टक्क्यांनी वाढतो! "एकच मिलिमीटर जाड आहे, काही फरक पडत नाही" असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा.

दुसरं म्हणजे हेलकाव्याची गती. पाटा भाराखाली किती सेंटीमीटर दबलाय त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. सेकंदाला किती हेलकावे, ते साधारण कळतं. समजा रिकाम्या पिकअपचा पाटा ४ सेंटीमीटर दबलाय. मग सेकंदाला अडीच हेलकावे, म्हणजे कंबर मोडणारी उसळी. तीच गाडी भरून पाटा १६ सेंटीमीटर दबला, तर सव्वा हेलकावे, म्हणजे चांगल्या कारसारखी चाल. 'पिकअप भरली की छान चालते' असं ड्रायव्हर म्हणतात, त्यामागे हे कारण आहे.

'पाटे काढले की झालं ना?'

नाही झालं. गाडी खाली घेण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात वाईटही.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. सहा पाट्यांतले तीन काढले, कडकपणा निम्मा झाला. रिकामी गाडी ४ ऐवजी ८ सेंटीमीटर दबेल, म्हणजे फक्त ४ सेंटीमीटर खाली येईल. पण भरलेली गाडी १६ ऐवजी ३२ सेंटीमीटर दबायला जाईल! तेवढी जागा खाली असतच नाही. हाउसिंग थेट चेसिसवर आपटणार. शिवाय उरलेल्या तीन पाट्यांवर प्रत्येकी दुप्पट ताण येतो. 'पाटा तुटून गाडी उलटली' अशी बातमी वाचतो ना आपण? मुख्य पाटा तुटला की हाउसिंगला धरून ठेवणारं काही उरत नाही. एक चाक मागे सरकतं आणि गाडी आपोआप एका बाजूला ओढते.

दुसरा गावठी उपाय म्हणजे पाटे गॅसने लाल करून ठोकून कमान कमी करायची. पाट्याचं पोलाद हे ठराविक तापमानाला तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा ठराविक उष्णता देऊन 'पाणी दिलेलं' असतं. भर गॅरेजमध्ये ते लाल केलं की ते पाणी उतरतं. असा पाटा एक तर बसत जातो, नाहीतर ठिसूळ होऊन तुटतो. कमान बदलायचीच असेल, तर ती थंड पाट्यावर प्रेसने बदलणाऱ्या किंवा पुन्हा पाणी देण्याची भट्टी असणाऱ्या स्प्रिंगवाल्याकडेच जा.

मग बाहेरचे लोक करतात तरी काय? पाटा हाउसिंगच्या वर असेल, तर तो काढून खालून बसवतात. हाउसिंगची जाडी आणि जुडीची उंची मिळून गाडी एका झटक्यात १२-१५ सेंटीमीटर खाली येते, आणि पाट्यांचा कडकपणा तेवढाच राहतो. पाटा आधीच हाउसिंगखाली असेल, तर मध्ये ठोकळा घालून गाडी आणखी खाली घेतात. तोच ठोकळा वरच्या पाट्याखाली घातला, तर गाडी उलट वर जाते. त्यामुळे यूट्यूब बघण्याआधी गाडीखाली वाकून बघा.

शॅकल बदलूनही उंची बदलते. पण शॅकल ५ सेंटीमीटरने बदलली, तर गाडी साधारण अडीच सेंटीमीटरच हलते, कारण हाउसिंग पाट्याच्या मध्यावर आहे आणि हललं फक्त एक टोक. शिवाय हाउसिंग थोडं तिरपं होतं. त्याचा उपद्रव पुढे येतोच.

खरा प्रश्न उंचीचा नाही, जागेचा आहे

हाउसिंग आणि चेसिस यांच्यात जी मोकळी जागा असते, तीच गाडीची खरी कमाई. खड्डा आला, गतिरोधक आला, की चाक त्या जागेत वर येतं.

समजा, एका पिकअपमध्ये रिकामी असताना ही जागा १८ सेंटीमीटर आहे. १२०० किलो माल भरला की ती १२ सेंटीमीटर दबते, म्हणजे १०० किलोला १ सेंटीमीटर. खड्ड्यांसाठी उरले ६ सेंटीमीटर. आता पाटे तेच ठेवून गाडी साडेसात सेंटीमीटर खाली घेतली. रिकाम्या गाडीत जागा उरली साडेदहा. खड्ड्यांसाठी ते ६ सेंटीमीटर राखायचे असतील, तर दबायला उरले साडेचार. म्हणजे १२०० किलोची गाडी आता ४५० किलोची झाली. आरसी बुकात मात्र जुनाच आकडा राहतो आणि माल भरणारा तोच बघून भरतो.

अमेरिकेत यावर उपाय म्हणून हाउसिंगच्या वर चेसिसला अर्धगोल खाच कापतात आणि भोवती जाड पोलादी पट्टी वेल्ड करतात. रीलमध्ये हे काम दहा सेकंदांत उरकतं. प्रत्यक्षात चेसिसच्या सगळ्यात जास्त ताण येणाऱ्या पट्ट्यातून तुम्ही पोलाद काढत असता. तिकडे ती गाडी रविवारी प्रदर्शनाला जाते. आपल्याकडे तीच गाडी सोमवारी ऊस रोपं आणायला जाते.

आणि गतिरोधक विसरू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळूवार चढणारा हवा. आपल्या गावाबाहेर एका रात्रीत उगवणारे गतिरोधक कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या मते या भागातल्या रस्त्यांवर रोज चालणारी गाडी पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली घेणं म्हणजे सायलेन्सर आणि डिझेल टाकीशी जुगार आहे.

सगळे विसरतात तो व्हॉल्व्ह

हा भाग नीट वाचा, कारण इथे प्रश्न चालीचा नाही, जिवाचा आहे.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं. रिकाम्या पिकअपचं मागचं वजन आधीच कमी, त्यामुळे मागची चाकं पटकन जाम होतात आणि गाडीची शेपटी फिरते. हे टाळायला अनेक पिकअप आणि टेम्पोंमध्ये मागच्या ब्रेकच्या पाइपवर भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग त्याला हाउसिंगशी जोडते. चेसिस हाउसिंगच्या जवळ आली की व्हॉल्व्ह समजतो, गाडी भरलेली आहे, मागे जास्त ब्रेक सोडू. लांब गेली की समजतो, रिकामी आहे, कमी सोडू.

म्हणजे हा व्हॉल्व्ह वजन मोजतच नाही, अंतर मोजतो.

आता गाडी खाली घेतली की काय होईल? रिकामी गाडीसुद्धा व्हॉल्व्हला कायम भरलेली वाटेल. तो मागे पूर्ण ब्रेक सोडेल, आणि पावसात पहिल्याच जोरदार ब्रेकला मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होईल.

जास्तीचे पाटे घालणाऱ्यांचंही तेच, फक्त उलट. गाडीत दीड टन माल आहे, पण पाटे कडक असल्याने गाडी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. 'पाटे वाढवल्यापासून ब्रेक कमी लागतो' ही तक्रार अनेकजण ब्रेक लायनर बदलून सोडवू पाहतात. लायनरचा त्यात काही दोष नसतो.

उंची बदलली तर या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे पुन्हा सेट करायलाच हवी. काही ठिकाणी दांडी काढून व्हॉल्व्ह तारेने बांधून टाकतात. तसं करणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत घेऊन या. डॉज-फार्गोसारख्या फार जुन्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह नसतो, तिथे ब्रेकचा समतोल वेगळ्याने तपासावा लागतो.

मग अपग्रेड कशाला म्हणायचं?

गाडी आधीच कुणीतरी खाली घेतलेली आहे आणि तुम्ही ती विकत घेतलीय, असं धरू. मागून आपटते, वळणावर डुलते, साठच्या पुढे थरथरते. कुठून सुरुवात करायची?

आधी जीर्ण भाग बदला. पाट्यांच्या डोळ्यांतले बुश, शॅकल पिन, जुडीच्या मधला सेंटर बोल्ट, आणि यू-बोल्ट. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये, त्याचे आटे आधीच ताणलेले असतात. तो ढिला राहिला की सगळा भार बारक्या सेंटर बोल्टवर येतो, बोल्ट कापला जातो आणि हाउसिंग सरकतं. जुन्या गाड्यांच्या निम्म्या तक्रारी या दोन-तीन स्वस्त भागांनीच मिटतात, हे रीलवाले सांगत नाहीत, कारण बुश बदलण्यात बघण्यासारखं काही नसतं.

त्यानंतर शॉकअप. शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त हेलकावा मारतो. म्हणून 'जाड शॉकअप टाका, गाडी बसणार नाही' हा सल्ला चुकीचा आहे. खाली घेतलेल्या गाडीत जुना शॉकअप आधीच अर्धा दबलेला असतो. खड्ड्यात तो पूर्ण मिटतो, आतून आपटतो आणि सील फुटून तेल गळायला लागतं. नव्या उंचीला गाडी उभी असताना शॉकअप साधारण मधोमध असेल, अशा लांबीचा घ्या. हाउसिंग आधी बंप स्टॉपरच्या रबराला टेकलं पाहिजे, शॉकअप नंतर. तो रबर स्टॉपर तुटलेला असेल तर आजच बदला.

पाटे बदलायचेच असतील, तर पॅराबोलिक पाट्यांचा विचार करा. मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारे दोन-तीन पाटे, एकमेकांपासून थोडे सुटे. घर्षण कमी, वजन कमी, चाल मऊ. मात्र घर्षण गेलं की हेलकावा मारायचं सगळं काम शॉकअपवर येतं, म्हणून शॉकअप चांगलेच लागतात. रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही प्रकारे गाडी चालत असेल, तर खाली हेल्पर पाटा असलेली जुडी बरी. रिकामी असताना वरचे पाटे काम करतात, भार आला की हेल्पर टेकतो.

पाटे पूर्ण काढून चार दांड्या, कॉइल स्प्रिंग किंवा हवेचे फुगे बसवणं हा रील्समधला लाडका प्रकार. चाल उत्तम मिळते. पण पाटा हाउसिंगला धरून ठेवायचा, ते काम आता त्या दांड्यांनी करायचं असतं, आणि त्या चेसिसला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर टांगलेल्या असतात. डावी-उजवीकडची ओढ सांभाळायला आडवा पॅनहार्ड रॉड किंवा तिरप्या दांड्या लागतात. याचं डिझाइन अभियंत्याचं काम आहे, नुसत्या वेल्डरचं नाही.

साठच्या पुढची थरथर बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टची असते. हाउसिंग तिरपं झालं की शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नाहीत आणि क्रॉस लवकर जातात. गिअरबॉक्सची आणि डिफरेन्शियलची दिशा एकमेकांना समांतर हवी, फरक एखाद्या अंशाचाच चालतो. पाटा आणि हाउसिंगमध्ये पोलादी पाचर घालून हा कोन दुरुस्त होतो.

जाता जाता हेडलाइट. मागून गाडी खाली आली की पुढचे दिवे आकाशाकडे बघायला लागतात. रात्री पंढरपूर रस्त्याला समोरून येणारा तुम्हाला शिव्या का देतो, ते आता कळलं असेल. स्क्रू फिरवून दिवे खाली घ्यायला पाच मिनिटं लागतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमावर स्पष्ट निकाल दिला. त्याच वर्षी आलेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये मालकासाठी शिक्षा आली: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

झिजलेले पाटे, बुश, शॉकअप त्याच मापाचे नवे टाकणं ही दुरुस्ती झाली, त्याला कुणाची हरकत नाही. चेसिस कापणं आणि सस्पेन्शनचा प्रकारच बदलणं हे थेट त्या कलमाच्या तोंडी जाणं. मधल्या गोष्टींसाठी काम सुरू करण्याआधी सांगलीच्या आरटीओत लेखी विचारा. मालवाहू गाडीचं पासिंग पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं, त्यामुळे एमएच १० ची जुनी पिकअप वर्षातून एकदा तरी अधिकाऱ्यासमोर उभी राहणारच. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर याच गोष्टी शोधतो.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल, तर आणखी एक वाट आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांच्या नंबर प्लेटवर नोंदणी होते. अट एकच: गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे एखादी फार्गो हाताला लागली आणि तुम्ही तिची चेसिस कापलीत, तर ती वाट तुम्हीच बंद केलीत. अशी गाडी व्यापारी कामाला किंवा रोजच्या वापरालाही काढता येत नाही.

काम झाल्यावर

गॅरेजमधून गाडी घेताना सपाट जागेवर उभी करून दोन्ही बाजूंची मापं टेपने घ्या: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. डाव्या-उजव्या मापांत बोटभर फरक दिसला, तर हाउसिंग सरळ बसलेलं नाही. मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

मग मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, कमी वेगात जोरात ब्रेक मारून बघा. आधी रिकामी, नंतर नेहमीचा माल भरून. शे-दोनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की ते हमखास थोडे ढिले होतात.